फाइल सापडली नाही तर

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या बापटांच्या घरी मी पंधरा दिवसांसाठी उतरले होते आणि निघाले ती थेट काही वर्षांनी. यात माझा दोष नाही, त्यांचाही नाही. बाबांच्या ऑफिसातल्या एका मित्राचे हे बापट मेहुणे. पोरगी एकटी आहे, नोकरी नवी आहे, अपार्टमेंट मिळेपर्यंत ठेवून घ्या, असा नागपूरहून निरोप गेला आणि बापटकाकांनी एअरपोर्टवरून मला बॅगांसकट उचलून आणलं. पंधरा दिवस झाल्यावर मी म्हणाले, "काकू, आता मी बघते एखादी जागा." काकू म्हणाल्या, "बघ की, पण घाई नाही हं." आता या 'घाई नाही'मध्ये 'राहा गं' होतं की 'पण बघच' होतं, हे मला कळेना; आणि मी खरंच जागा बघतेय की नुसती म्हणतेय, हे त्यांना कळेना. विचारायचं कुणी? दोन्हीकडची माणसं भिडस्त. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्या बाबतीत ती छान तीन बेडरूमच्या घराची घरमालकीण निघाली. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीला घरातले सगळे हळूहळू 'शुभदाची खोली' म्हणायला लागले आणि तो विषय तिथेच संपला.

त्या घराचे आवाज मला आजही ओळीने ऐकू येतात. सकाळी अंगणातलं पाणी शिंपडणारं यंत्र टिक टिक टिक करत फिरायचं. दिवसभर एसीची घरघर, कारण शुगर लँडचा उन्हाळा म्हणजे कुणीतरी ओला टॉवेल गरम करून तोंडावर धरल्यासारखा. संध्याकाळी गॅरेजचं दार गडगडलं की काका आले. ते पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर होते, तासभर ड्राइव्ह करून यायचे आणि बूट काढायच्या आधी एसीचा आकडा तपासायचे. मग त्यांच्या लेकीचं, सातवीतल्या रियाचं, क्लॅरिनेट सुरू व्हायचं. शाळेच्या बँडसाठी ती एकच तुकडा वाजवायची, दरवेळी त्याच जागी अडखळायची, आणि खालून काकू "पुन्हा!" म्हणून ओरडायच्या. फोडणी मात्र घरात नाही. घरातला स्मोक अलार्म इतका हळवा होता, की मोहरी तडतडायच्या आधी तो रडायला लागायचा. म्हणून गॅरेजमध्ये विजेची शेगडी मांडलेली, आणि काकू दार अर्धं वर करून तिथे फोडणी द्यायच्या. रस्त्यावरून कुत्रा फिरवणाऱ्या माणसांना दाराखालून फक्त काकूंचे पाय दिसायचे आणि 'चर्र' ऐकू यायचं. "आई, माय जॅकेट स्मेल्स लाइक हिंग!" असं रिया रोज सकाळी किंचाळायची, आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "मग काय झालं? चांगला वास आहे."

आणि चहा. काकूंनी मागच्या अंगणात गवती चहाचं एक रोप लावलं होतं. टेक्ससच्या दमट हवेत त्याचं रान झालं होतं. त्यामुळे घरात एकच चहा व्हायचा: फिका, कमी साखरेचा आणि त्यात मूठभर गवती चहा. मी नागपूरची. आमच्याकडे चहा म्हणजे काळाकुट्ट, भरपूर साखर, वर आलं ठेचून. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "आवडला का गं?" आणि मी म्हटलं, "मस्त!" झालं. त्या एका 'मस्त'वर मी पुढे किती पातेली गवताचं पाणी प्यायले असेन, देव जाणे. काकू वर कौतुकाने माझ्या कपात थोडा जास्तच ओतायच्या.

ऑफिसात माझं काम काय होतं, हे आईला मी अनेकदा समजावून सांगितलं आणि तिने शेजारच्या वंदनामावशीला "ती तेलाच्या विहिरीत कॉम्प्युटर सोडते" एवढंच सांगितलं. तसं फार चूक नव्हतं ते. आमची कंपनी विहिरीत सोडायची लांबलचक पोलादी नळकांडी बनवायची. त्यांना सगळे 'टूल' म्हणायचे. टूल खाली उतरत जातं आणि आजूबाजूचा खडक कसा आहे, किती तापलाय, पाणी आहे की तेल आहे, याचा अंदाज वर पाठवतं. आता गंमत अशी, की एका साच्यातून काढलेली टूल्ससुद्धा सारखी नसतात. एक जरा गरम दाखवतं, एकाला कमी ऐकू येतं. म्हणून प्रत्येक टूलची स्वतःची एक छोटी पॅरामीटर फाइल असायची: तापमानात इतकं वजा करा, आवाजाला इतक्याने गुणा. नाव, बरोबरचं चिन्ह, आकडा, एका ओळीत एक. माझ्याकडे काम आलं ते या फाइली स्क्रिप्टमधून उघडून वाचायचं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने सांगून ठेवलेली कामं: टूलचा नंबर बघ, त्या नावाची फाइल उघड, एकेक ओळ वाच, बरोबरच्या चिन्हाशी तोड, डावीकडचं नाव, उजवीकडचा आकडा, लक्षात ठेव, फाइल बंद कर. आमचा बॉस गॅरी, उंच, टेक्ससचे बूट घालणारा, शुक्रवारी सगळ्यांसाठी कोलाचे नावाचे गोड पाव आणणारा, मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जे उघडशील ते बंद कर." मी मनात म्हटलं, बाप्पा, ही तर आमची काकू! काकू फ्रिजच्या बाबतीत रोज तेच सांगायच्या.

या फाइली वाचायला मला फार आवडायच्या. काम म्हणून नव्हे, वाचायला. कारण आकड्यांच्या मधे मधे शॉपमधल्या, म्हणजे टूल्स दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातल्या, लोकांनी आपल्या मनच्या ओळी लिहिलेल्या असायच्या. ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की स्क्रिप्ट ती ओळ सोडून पुढे जाते, त्यामुळे माणसं तिथे काहीही लिहायची. 'हे टूल रेने पाडलं होतं, जपून.' 'हे सोमवारी नीट चालत नाही, माझ्यासारखंच.' 'बिलला सांगू नका.' स्क्रिप्टला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी दुपारचा डबा खाताना एकेक फाइल उघडून बसायची. रे कोण हे मला कधीच कळलं नाही. पण त्याने पाडलेल्या टूलचा नंबर मला पाठ होता, आणि ते टूल तेव्हापासून चांगलंच गरम दाखवतं हेही.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये मिलिंद बसायचा. पुण्याचा, माझ्याआधी दोन-तीन वर्षं आलेला, अतिशय लाघवी माणूस. सगळ्यांचं ऐकणारा, कुणालाही न दुखावणारा. मी स्क्रिप्ट लिहीत असताना एक प्रश्न आला: समजा एखाद्या टूलची फाइलच सापडली नाही, तर? मिलिंद म्हणाला, "अगं, तर डिफॉल्ट घेऊ दे ना." डिफॉल्ट म्हणजे कंपनीने ठेवलेली एक सरासरी फाइल, कुणाचीच नसलेली, सगळ्यांना थोडीथोडी लागू पडणारी. "आणि वर काही लिहू नको. प्रोग्रॅम मधेच थांबला, स्क्रीनवर लाल अक्षरं आली, तर क्लायंटसमोर शोभा होते यार. ॲडजस्ट करून पुढे जायचं." मला ते एकदम पटलं. पटणारच. आमच्याकडे पाहुणा आला आणि घरात पोहे नसले तर 'पोहे नाहीत' असं कुणी म्हणतं का? उपमा येतो, आणि उपमाच करणार होतो असा चेहरा करून येतो. तशी माझी स्क्रिप्ट तयार झाली. कुठलंही टूल द्या, ती कधी अडायची नाही, कधी तक्रार करायची नाही, प्रत्येक टूलपुढे गोड 'ओके' लिहायची. गॅरी ती 'ओके'ची रांग बघून खूश व्हायचा.

त्याच दिवसांत माझं लग्न ठरत होतं. ठरत होतं म्हणजे काय, आईने ठरवलं होतं आणि मी 'चालेल' म्हटलं होतं. मुलगा निखिल, मूळचा नाशिकचा, अमेरिकेच्याच दुसऱ्या टोकाला, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. फोटो बरा होता, शिक्षण उत्तम, माणसं चांगली. डिसेंबरात आम्ही दोघं भारतात जाणार, साखरपुडा नागपुरात, असं सगळं जुळवून आईने धरमपेठेतला हॉल सांगून टाकला होता. दर रविवारी सकाळी मी फोन कार्डावरचे आकडे दाबून नागपूरला फोन लावायची. "काय करून राहिली?" आई विचारायची. "काही नाही, ठीक." "निखिल चांगला आहे ना गं?" "चांगला आहे." "मग पुढे जाऊ ना?" "चालेल." तिकडे बाबा मागून विचारायचे, "काय म्हणते?" आणि आई मोठ्या आनंदाने ओरडायची, "चालेल म्हणते!" तो आनंद ऐकला की मला पुढे बोलताच यायचं नाही. मला आईची भीती नव्हती. आई कधी रागावत नाही. ती हिरमुसते, आणि तिचा हिरमुसलेला चेहरा मला सात समुद्र ओलांडून दिसायचा.

आणि शनिवारी निखिलचा फोन. आम्ही एकमेकांना समजून घ्यावं म्हणून. अहो, काय समजून घेतलं आम्ही! एक तर त्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे दोघांनाही ठरवता न आल्यामुळे आम्ही कर्त्याशिवाय बोलायचो. "जेवण झालं का?" "झालं. तिकडे?" "तिकडे पण. पाऊस आहे." "इकडे ऊन." त्याच्या फोनमधून खरोखरच पावसाचा आवाज यायचा, माझ्याकडून एसीचा. मग तो विचारायचा, "स्वयंपाकाची आवड?" मी म्हणायची, "आहे थोडी. बाहेरचं पण चालतं." "मलाही चालतं." "पुढे तिकडेच राहायचं का, रेडमंडला?" "जसं जमेल तसं. काही अडचण?" "नाही, चालेल." आमच्यात मतभेद म्हणून नव्हता. काकू ऐकून म्हणायच्या, "किती समजूतदार मुलं तुम्ही!" आणि फोन ठेवला की मी आठवून बघायची, आज त्याच्याबद्दल नवीन काय कळलं. आज माझी लेक कॉलेजात आहे, तिला कुणी काही विचारलं आणि तिला माहीत नसलं तर ती सरळ "आय डोन्ट नो" म्हणून खांदे उडवते. लोकांना ते उद्धट वाटतं. मला तिचा मुका घ्यावासा वाटतो.

तर त्या शरद ऋतूत एका मोठ्या क्लायंटला दाखवायला म्हणून आम्ही दुरुस्त करून आलेली पाच टूल्स एकाच चाचणी-विहिरीत उतरवली. माझ्या स्क्रिप्टने फाइली वाचल्या, पाचही 'ओके'. कुठल्या टूलच्या तापमानातून किती वजा करावं लागलं, याचे पाच आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसावी, इतके तंतोतंत. गॅरीने ते कागद भिंतीवर लावले. सगळे येऊन बघून गेले. मिलिंदने मला टाळी दिली. मीही फुशारले, आणि डबा खाता खाता सहज बघितलं की त्यात कोणकोणते नंबर आहेत. त्यात रेने पाडलेलं टूल होतं. घास हातातच राहिला. अगं, हे कसं शक्य आहे? जे टूल पडल्यापासून गरम दाखवतं, ते आज चार शहाण्या भावंडांच्या पंगतीत असं मांडी घालून कसं बसलं? पाचांनाही एकाच आकड्याने दुरुस्त केल्याशिवाय आलेख असे जुळे होत नाहीत. मी त्याची फाइल उघडायला गेले. त्या नावाची फाइल नव्हती. बाजूला तोच नंबर आणि पुढे एक 'आर' लावलेली फाइल होती. दुरुस्ती होऊन आलेल्या टूल्सच्या फाइलींना शॉपवाल्यांनी नुकतंच 'आर' लावायला सुरुवात केली होती. स्क्रिप्टला पाचांपैकी एकही फाइल सापडली नव्हती. तिने पाचही वेळा गुपचूप सरासरी फाइल उचलली आणि हसतमुखाने 'ओके' लिहिलं.

मिलिंदला दाखवलं तर त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "सोपं आहे. नावात 'आर' शोधायला सांग, परत रन कर, कागद बदलून टाक. कुणाला कळतंय?" मनात आलं तेच माझ्याही. पण आज 'आर' लावला, उद्या कुणी 'एक्स' लावेल, आणि ही बया पुन्हा हसत पुढे जाईल. शिवाय ते कागद भिंतीवर होते, आणि मला तिथून जाताना मान वर करवेना. मी सरळ गॅरीच्या खोलीत गेले आणि सांगितलं. तो ऐकत राहिला. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं, आणि ती मला प्रत्येक वेळी सगळं छान आहे सांगत होती?" मी म्हटलं, "हो." "का?" आता याला काय सांगू? पोहे-उपम्याची गोष्ट सांगू? मी म्हटलं, "तिला वाटलं, थांबलो तर तुम्ही नाराज व्हाल." गॅरी मोठ्याने हसला. मग हसणं थांबवून म्हणाला ते अजून माझ्या कानात आहे. "शुभदा, 'नाही' ऐकून मी नाराज होईन, पण मग मी काहीतरी करू शकतो. खोट्या 'ओके'चं मी काय करू?"

क्लायंट यायच्या आधी मी ती स्क्रिप्ट बदलली. डिफॉल्टचा रस्ताच काढून टाकला, आणि शॉपला फाइलींची नावं पूर्ववत करायला सांगितलं. फाइल सापडली नाही तर आता ती थांबायची आणि लाल अक्षरांत, माझ्याच शब्दांत लिहायची: 'या टूलची फाइल सापडली नाही. मी थांबले आहे.' गॅरीने त्यातला 'मी' काढू दिला नाही, त्याला तो आवडला होता. आणि काय सांगू, ऐन दाखवायच्या दिवशी, क्लायंटची माणसं समोर बसलेली असताना, चार टूल्स सुरळीत गेली आणि पाचव्याला ती थांबली. लाल अक्षरं भिंतीएवढ्या पडद्यावर. एका फाइलीचं नाव शॉपमध्ये अजून बदलायचं राहिलं होतं. मिलिंदने डोळे मिटून घेतले. क्लायंटकडची बाई पुढे वाकून ते वाचत होती. ती म्हणाली, "हे थांबतं?" गॅरी म्हणाला, "हो, माहीत नसलं की थांबतं." ती मागे रेलून शेजारच्याला म्हणाली, "गुड. आपलं कधी थांबत नाही." मी शॉपमध्ये फोन केला, फाइल आली, पाचवा आलेख निघाला. तो रेने पाडलेल्या टूलचाच होता, आणि दुरुस्तीनंतरही बाकीच्यांपेक्षा किंचित वाकडा होता, अगदी त्याच्या स्वभावाप्रमाणे. मला इतका आनंद झाला की पडद्यापाशी जाऊन त्याला हात लावावासा वाटला.

त्या संध्याकाळी घरी आले तर काकूंनी नेहमीचा कप पुढे केला. मी बघत राहिले त्या फिक्या पाण्याकडे, आणि कोण जाणे कुठून, तोंडातून निघालं, "काकू, मला गवती चहा आवडत नाही." बोलले आणि जीभ चावली. काकू पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या. "कधीपासून?" "पहिल्यापासून." "अगं मग बोललीस का नाही? मी तुझ्यासाठी मुठीने घालतेय!" "माझ्यासाठी?" "तर काय! काकांना आवडतो म्हणून घालायचे, मग तू मस्त म्हणालीस म्हणून जास्त घालायला लागले. मला स्वतःला त्याने ॲसिडिटी होते." आम्ही दोघींनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेपर खाली केला. "मला? मला कोण म्हणालं आवडतो? तू रोप लावलंस, मी म्हटलं हिला हौस आहे." जिन्यावरून रिया ओरडली, "ओ माय गॉड, यू गाइज!" काकू ओट्याला टेकून हसत सुटल्या, इतक्या की डोळ्यांना पदर लावला. मग आलं किसलं, पावडर दुप्पट टाकली, आणि त्या घरातला पहिला खरा चहा झाला. तो पिताना काकू म्हणाल्या, "आणि त्या जागेचं काय गं? खरंच बघतेस?" मी म्हटलं, "नाही. मला इथेच राहायचंय." "मग राहा की," काकू म्हणाल्या. "मला तर कधीपासून तेच हवंय." एवढं सोपं होतं ते.

शनिवारी निखिलला मीच फोन लावला. "जेवण झालं का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "निखिल, तू ऐक. मला नाही वाटत आपण लग्न करावं." पलीकडे नुसता पाऊस. मग तो म्हणाला, "माझं काही चुकलं का?" "नाही रे. मला तू माहीतच नाहीस. इतके महिने बोललो, मला तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगता येत नाही. तुला माझ्याबद्दल येते?" "तुझ्याकडे ऊन असतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही फिस्सकन हसलो. "खरं सांगू? मला दर शनिवारी वाटायचं, मी कस्टमर केअरशी बोलतोय." मग जो सुटला तो! त्याला रेडमंड आवडत नव्हतं. हिवाळ्यातला अंधार आवडत नव्हता, ऑफिसची बस आवडत नव्हती, त्याला नाशिकला परत जायचं होतं आणि हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मला नाशिकला जायचं नव्हतं, आणि बाहेरचं खाणं मला मुळीच चालत नव्हतं. फोन कार्ड संपेपर्यंत आम्ही बोललो, आणि ते आमचं पहिलं आणि बहुतेक शेवटचं धड बोलणं. अजून दिवाळीला नाशिकहून त्याचा मेसेज येतो: 'इकडे ऊन.' फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "आईला कोण सांगणार?" मी म्हटलं, "आपापल्या आईला आपणच."

रविवारी सकाळी मी जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसले. आकडे दाबताना दोनदा चुकले. खाली काकू मुद्दाम काहीतरी पुसत उभ्या होत्या. "काय करून राहिली?" आईने विचारलं, नेहमीच्या उत्साहात. "हॉलवाल्याला आज विसार द्यायला तुझे बाबा जाऊन राहिले." मी म्हटलं, "आई, त्यांना थांबव." "काऊन?" "मला हे लग्न नाही करायचं." तारेत समुद्राचा आवाज येतो असं लहानपणी वाटायचं, तसं काहीतरी ऐकू येत राहिलं. मला तिचा चेहरा दिसत होता, खालचा ओठ जरा पुढे आलेला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मग इतके दिवस चालेल चालेल का म्हणून राहिली होती?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. मी म्हटलं, "तुला बरं वाटायचं म्हणून." "मला बरं वाटायचं," आई सावकाश म्हणाली, "कारण मला वाटलं तुला बरं वाटून राहिलं." मागून बाबांचा आवाज आला, "काय म्हणते?" आई त्यांना म्हणाली, "चपला काढा. जायचं नाही."

मग ती पुन्हा फोनवर आली. मी वाट बघत होते की आता ती हुंदका देईल, वंदनामावशीचं नाव काढेल, लोक काय म्हणतील ते विचारेल. तिने नाक ओढलं, तेवढं ऐकू आलं. "दुसरा कुणी आहे का गं तुझ्या मनात? असेल तर सांग. आम्ही काही खाऊन राहिलो नाही तुला." "कुणी नाही, आई." "मग तुला पाहिजे तरी काय, शुभे?" आणि बाप्पा! मी शोधलं. खरंच शोधलं, त्या पायरीवर बसून, नाक पुसत. नागपूर की अमेरिका, लग्न की नाही, कसा मुलगा, कसलं घर. काहीच सापडेना. पूर्वीची मी असते तर पटकन काहीतरी गोड उचलून दिलं असतं. मी म्हटलं, "आई, मला माहीत नाही गं. मला सापडतच नाहीये."

मग तिने आपला तो नेहमीचा सुस्कारा टाकला, कुकरचं झाकण उघडताना टाकते तसा, आणि म्हणाली, "नाही सापडत ना? मग थांब ना, पोरी. कुणाची गाडी सुटून राहिली?"